फाइल कुणी उघडायची?

१९६९ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या बातमी विभागाने एक खोटी कंपनी उभी केली. तिला ना माल होता, ना गिऱ्हाईक. होतं ते फक्त नाव. त्या नावाने वीस क्रेडिट ब्युरोंना पत्रं गेली. सहज उचललेली काही माणसांची नावं त्यांत होती आणि त्यांचे पतअहवाल मागवले होते. वीसपैकी दहा ब्युरोंनी अहवाल पाठवून दिले. ही कंपनी खरोखर आहे का, तिला या माणसांशी काय व्यवहार करायचा आहे, हे विचारायची गरज त्या दहांना वाटली नाही.

याच वर्षीच्या जानेवारीत ब्युरोंच्या राष्ट्रीय संघटनेने स्वतःची आचारसंहिता जाहीर केली होती. कायदा आणू नका, आमची शिस्त आम्हीच लावून घेतो, असा तिचा सूर होता. सीबीएसच्या बातमीने त्या सुरातला जोर काढून घेतला. सिनेटमध्ये त्याच सुमाराला एक विधेयक दाखल झालं होतं आणि त्याच्या पुरस्कर्त्यांच्या हाती आयता पुरावा आला.

ब्युरोंच्या फाइलींत काय असे, हे आधी पाहायला हवं. कोणत्या दुकानात खातं आहे, हप्ते वेळेवर जातात का, नोकरी कुठे आहे, हे तर असेच. शिवाय स्थानिक वर्तमानपत्रांतली कात्रणं चिकटवलेली असत: अटक, खटला, घटस्फोट. पुढे माणूस निर्दोष सुटला तरी सुटकेची बातमी त्या फाइलीपर्यंत पोचेलच याची खात्री नव्हती. असे दोन हजारांवर स्थानिक ब्युरो देशभर पसरले होते आणि ते एकमेकांना माहिती पुरवत. ज्याच्याबद्दल हे सगळं लिहिलेलं, त्याला मात्र आपली फाइल आहे एवढंही अनेकदा ठाऊक नसे.

या धंद्याचं मूळ १८४१ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये आहे. लुईस टॅपन हे रेशमाचे व्यापारी. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतले खंदे कार्यकर्ते, आणि वृत्तीने कडक धार्मिक. १८३७ च्या मंदीत त्यांच्या भावाची पेढी बुडाली. दूरच्या गावच्या दुकानदारांना उधारीवर माल द्यायचा, तर त्यांची पत कळणार कशी, हा प्रश्न तेव्हा साऱ्या घाऊक व्यापाऱ्यांना छळत होता. टॅपन यांनी मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगाव, बहुतेक वकील मंडळींमधून, वार्ताहर नेमले. त्यांची पत्रं न्यूयॉर्कच्या कचेरीत येत आणि मोठमोठ्या खातेवह्यांत उतरवली जात. वर्गणीदार व्यापारी कचेरीत यायचा, नाव सांगायचा आणि कारकून त्याला वहीतली नोंद वाचून दाखवायचा. वही हातात देत नसत. त्या वह्या आज हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत. कोण दारू पितो, कुणाची बायको पैसेवाल्या घरातली आहे, कोण प्रामाणिक पण मंद, अशा शेऱ्यांनी त्या भरलेल्या आहेत.

त्या वह्यांवरून पहिला मोठा खटला उभा राहिला तो ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या दुकानदारांचा. त्यांच्यापैकी एकाची बायको घटस्फोट मागणार आहे, अशी नोंद १८४८ मध्ये वहीत आली आणि मालाची उधारी आटली. दुकानदार कोर्टात गेले. ही बातमी कोणत्या वार्ताहराने दिली ते सांगा, असा आग्रह झाला तेव्हा टॅपन यांचे सहकारी बेंजामिन डग्लस यांनी नाव सांगायला नकार दिला आणि त्यासाठी ते तुरुंगात गेले. ज्युरीने १८५१ मध्ये दुकानदारांना दहा हजार डॉलर दिले. प्रकरण पुढे लोंबकळत राहिलं आणि १८७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. या लढ्यात वकिलांनी लढवलेला एक मुद्दा मला निकालापेक्षा मोलाचा वाटतो. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला विश्वासाने, कामापुरती सांगितलेली गोष्ट कायद्याच्या संरक्षणाखाली येते, हे जुनं तत्त्व होतं. पण तीच गोष्ट वहीत चढली, कारकुनांच्या डोळ्यांखालून गेली आणि वर्गणी भरणाऱ्या कुणालाही वाचून दाखवली गेली, तर ते संरक्षण उरतं का? ऐकणाऱ्याला ती ऐकण्याचं खरं कारण हवं, ही अट तिथेच उमटली होती. पुढच्या शंभर वर्षांत धंदा मात्र या अटीच्या बराच पुढे निघून गेला.

टॅपन यांच्या वह्या व्यापाऱ्यांपुरत्या होत्या. सामान्य गिऱ्हाइकाची वही धंद्याच्या रूपात आली ती शतकाच्या अखेरीस. टेनेसीतल्या चॅटनूगा गावी केटर वूलफर्ड नावाचे किराणा दुकानदार होते. कोण उधारी फेडतो, कोण टाळतो याची यादी त्यांनी दुकानदारांच्या संघटनेसाठी केली. आपल्याकडच्या वाण्याच्या उधारीच्या चोपडीतली पानं शेजारच्या वाण्याने विकत घ्यावीत, तसा हा व्यवहार. १८९९ मध्ये वूलफर्ड आणि त्यांचा भाऊ गाय यांनी अटलांटात रिटेल क्रेडिट कंपनी थाटली. लवकरच त्यांना उधारीपेक्षा मोठी बाजारपेठ सापडली, ती विमा कंपन्यांची. विम्याचा अर्ज आला की रिटेल क्रेडिटचा तपासनीस अर्जदाराच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन विचारपूस करायचा. माणूस पितो का, किती पितो, घर कसं ठेवतो, कुणाबरोबर राहतो, शेजारी त्याच्याबद्दल काय म्हणतात. अहवाल घेणाऱ्यांवर बंधन असे की तो संबंधित माणसाला दाखवायचा नाही. १९६० च्या दशकापर्यंत कोट्यवधी अमेरिकनांच्या फाइली या एका कंपनीकडे होत्या. १९७५ मध्ये तिने नाव बदललं. जग तिला आज इक्विफॅक्स म्हणून ओळखतं.

संसदेत या विषयाला पहिल्यांदा हात घातला न्यू जर्सीचे प्रतिनिधी कॉर्नेलियस गॅलगर यांनी. सरकारी खात्यांकडची सगळी माहिती एकाच संगणक केंद्रात ओतायच्या बेताला त्यांनी १९६६ मध्ये विरोध केला होता. मार्च १९६८ मध्ये त्यांच्या उपसमितीने क्रेडिट ब्युरोंना साक्षीला बोलावलं. कोलंबिया विद्यापीठाचे ॲलन वेस्टिन यांचं खासगीपणावरचं पुस्तक आदल्याच वर्षी आलं होतं. तेही साक्षीला आले. फाइली संगणकावर चढल्या की शेजाऱ्याची कुजबूज अटलांटाच्या कपाटात पडून न राहता क्षणात देशभर फिरेल, ही त्यांची मुख्य भीती होती. त्यांनी ती पुढेही सातत्याने मांडली, रिटेल क्रेडिटचं नाव घेऊन मांडली.

या सुनावण्यांत आणखी एक गोष्ट उघड झाली. सरकारी तपास यंत्रणांना बहुतेक ब्युरोंची दारं उघडीच होती. वॉरंट वगैरेची भानगड नव्हती. कॅलिफोर्नियातली क्रेडिट डेटा कॉर्पोरेशन ही संगणक वापरणारी नवी कंपनी अपवाद होती. करखात्याने माहिती मागितली तेव्हा तिचे प्रमुख हॅरी जॉर्डन यांनी नकार दिला. करखात्याने कायदेशीर समन्स काढलं आणि न्यायालयाने त्याची बाजू घेतली. जॉर्डन हरले, पण त्यांच्या नकाराचं महत्त्व मी कमी मानत नाही. माहिती विकणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्यातल्याच एकाने मागणाऱ्यापुढे हात आडवा धरला होता, आणि तोही सरकारपुढे.

विधेयक आणलं विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी, ३१ जानेवारी १९६९ रोजी. आदल्या वर्षी कर्जाचा खरा व्याजदर गिऱ्हाइकाला सांगणं बंधनकारक करणारा कायदा त्यांनी पार पाडला होता. नोव्हेंबरमध्ये सिनेटने पतअहवालांचं विधेयक मंजूर केलं, पण वाटेत ते बरंच पातळ झालं होतं. कनिष्ठ सभागृहात मिसूरीच्या लिओनोर सलिव्हन यांनी १९७० च्या वसंतात सुनावण्या घेतल्या. त्यांना याहून कडक कायदा हवा होता आणि तसं त्या स्पष्ट म्हणत होत्या. शेवटी विधेयकाला स्वतंत्र वाट मिळालीच नाही. परदेशातल्या गुप्त बँकखात्यांविरुद्धचा एक कायदा पुढे सरकत होता, त्याला हे शेपूट म्हणून जोडलं गेलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी २६ ऑक्टोबर १९७० रोजी सही केली. त्याच कागदाच्या एका भागाने बँकांना ग्राहकांच्या नोंदी सरकारसाठी जपून ठेवायला लावलं आणि दुसऱ्या भागाने ग्राहकांची माहिती कुणाला द्यायची नाही हे सांगितलं. हा दुसरा भाग, म्हणजे पतअहवालांचा कायदा, २५ एप्रिल १९७१ पासून लागू झाला.

या कायद्याचं काळीज म्हणजे कलम ६०४. त्याआधी ब्युरोचा प्रश्न एवढाच होता की तुम्ही वर्गणीदार आहात का. आता दुसरा प्रश्न सक्तीचा झाला: तुम्हाला हे कशासाठी हवं आहे? उत्तरांची यादी कायद्यानेच बांधून दिली. न्यायालयाचा आदेश असेल, किंवा त्या माणसाने स्वतः लेखी सांगितलं असेल, तर अहवाल देता येईल. एरवी मागणाऱ्याचा हेतू कर्ज, नोकरी, विमा किंवा आर्थिक स्थिती तपासून मिळणारा सरकारी परवाना वा लाभ यांपैकी एखाद्याशी जोडलेला हवा. शिवाय त्या माणसाशी चाललेल्या व्यवहारातून निर्माण झालेली रास्त व्यावसायिक गरज, अशी एक मोघम जागा ठेवली गेली. मागणाऱ्याने स्वतःची ओळख पटवायची, हेतू लिहून द्यायचा, दुसऱ्या कशासाठी वापरणार नाही अशी हमी द्यायची. सरकारी यंत्रणांना या कारणांविना फक्त नाव, पत्ते आणि नोकरीची ठिकाणं मिळतील. खोटं कारण सांगून अहवाल काढला तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड, वर्षभरापर्यंत कैद किंवा दोन्ही. माहिती द्यायला हरकत नाही, पण कारण नसलेल्याला ती देणं गुन्हा, एवढी साधी गोष्ट लिहून काढायला टॅपन यांच्यानंतर एकशे एकोणतीस वर्षं लागली.

त्या बदल्यात जे गेलं तेही नोंदवायला हवं. ब्युरोंना बदनामीच्या दाव्यांपासून बरंचसं संरक्षण मिळालं. नॉरवॉकच्या दुकानदारांनी भरला तसा खटला आता, दुष्ट हेतू सिद्ध केल्याशिवाय, जवळपास अशक्य झाला. आणि माणसाला आपली फाइल हातात मिळाली नाही. कायद्याने त्याला फाइलीचा आशय सांगितला जाईल एवढंच दिलं. विमा कंपनी वाचू शकत होती, दुकान वाचू शकत होतं, नोकरी देणारा वाचू शकत होता. ज्याचं आयुष्य त्यात लिहिलेलं, तो ऐकू शकत होता. हा त्या कायद्याचा सर्वांत मोठा अन्याय होता असं माझं मत आहे, आणि त्याचे चटके लगेच बसू लागले.

सेंट लुईसच्या एका मोठ्या वर्तमानपत्राचे संपादकीय विभागातले वरिष्ठ पत्रकार १९७१ मध्ये वॉशिंग्टनहून तिकडे राहायला आले. मोटारीचा विमा उतरवला. थोड्याच दिवसांत कळलं की विमा कंपनी तो रद्द करते आहे. ओहॅन्लन रिपोर्ट्स या कंपनीचा तपासनीस वॉशिंग्टनच्या जुन्या शेजारात जाऊन आला होता. अहवालात लिहिलं होतं की हा माणूस हिप्पी आहे, युद्धविरोधी निदर्शकांना घरात आसरा देतो, शेजाऱ्यांना नकोसा आहे, आधीच्या घरांतून हाकलला गेला आहे, अमली पदार्थांचा संशय आहे. या सगळ्याला आधार म्हणजे मुख्यतः एका शेजाऱ्याची बडबड. फाइल पाहायला ते कंपनीच्या कचेरीत गेले तर दहा दिवस थांबायला सांगितलं. मग आशय म्हणून तुकड्या-तुकड्यांनी थोडं वाचून दाखवलं; प्रत्येक फेरीत आणखी काहीतरी नवीन निघे. पूर्ण मजकूर त्यांना कळला तो खटला भरल्यावर. न्यायालयाने अडीच हजार डॉलर भरपाई, पंचवीस हजार दंडात्मक भरपाई आणि वर वकिलांचा खर्च कंपनीवर बसवला. १९७६ मध्ये अपिलातही ते कायम राहिलं. नव्या कायद्याला खरी धार आली ती अशा खटल्यांतून. वर्तमानपत्रात वरच्या पदावर असलेल्या, वकील करू शकणाऱ्या माणसाला एवढं झगडावं लागलं, तर बाकीच्यांचं काय होत असेल?

खोटं कारण सांगणाऱ्यांचे खटलेही आले. इडाहोचे संसद सदस्य जॉर्ज हॅन्सन यांचा पतअहवाल एका दागिन्यांच्या दुकानाच्या खात्यावरून काढला गेला आणि निवडणूक निधीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीच्या हाती पडला. हॅन्सन यांना त्या दुकानातून काही घ्यायचं नव्हतं. १९७८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की ज्याच्या नावाचा अहवाल असा फसवून काढला, त्याला थेट दावा लावता येतो. राजकारणातल्या माणसाची चौकशी व्हायला हवी, त्याला कोण नाही म्हणेल. पण त्या चौकशीचा मार्ग सराफाच्या खात्यातून जाऊ नये, हे त्या निकालाने नीट सांगितलं.

तरी पहारा किती ढिला आहे ते १९८९ मध्ये दिसलं. बिझनेस वीकचे पत्रकार जेफ्री रॉथफेडर यांनी ब्युरोंकडून माहिती घेऊन पुढे विकणाऱ्या एका मध्यस्थाकडे खातं उघडलं आणि देशाचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांचा पतअहवाल घरबसल्या मिळवला. लेख मुखपृष्ठावर झळकला. क्वेल यांच्याबद्दल त्यात भयंकर काही नव्हतं. भयंकर होतं ते मिळण्यातलं सोपेपण, सीबीएसच्या प्रयोगानंतर वीस वर्षांनी.

पुढे तर या पळवाटेतून चोर शिरले. इक्विफॅक्समधून १९९७ मध्ये वेगळी निघालेली चॉइसपॉइंट कंपनी अशीच माहिती विके. छोटे व्यावसायिक असल्याचं भासवून गुन्हेगारांनी तिच्याकडे खाती उघडली आणि एक लाख त्रेसष्ट हजार लोकांची माहिती बाहेर गेली. २००५ मध्ये प्रकरण उघडकीला आलं. पुढच्या जानेवारीत कंपनीने एक कोटी डॉलर दंड आणि पीडितांसाठी पन्नास लाख डॉलर भरायचं मान्य केलं. कारण विचारायचं पण उत्तर पडताळायचं नाही, याची ती किंमत होती.

दरम्यान कायदा हळूहळू माणसाकडे वळत होता. १९९६ च्या दुरुस्तीने आशयाऐवजी फाइलीतली सगळी माहिती त्याला मिळू लागली आणि नोकरीसाठी अहवाल काढायचा तर आधी त्याची लेखी संमती सक्तीची झाली. २००३ च्या दुरुस्तीने वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळायची सोय केली. १९७० पासून तेहेतीस वर्षं, फक्त स्वतःची फाइल सहज वाचता यावी म्हणून.

भारतात सगळं उशिरा आणि एकदम आलं. सिबिल या पतमाहिती कंपनीची स्थापना ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत झाली. बँकांवर ग्राहकाची गुप्तता राखायचं जुनं बंधन असल्यामुळे सुरुवातीला कर्जदाराची संमती घेऊन माहिती गोळा करावी लागे. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ मध्ये झाला आणि १४ डिसेंबर २००६ पासून लागू झाला. आपल्या कायद्याने अमेरिकेच्या उलट टोकापासून सुरुवात केली: कारणांच्या आधी माणसं ठरवली. बँका, वित्तसंस्था, आणि नियमांनी जोडलेले विमा, दूरसंचार अशा क्षेत्रांतले निवडक वापरकर्ते. कलम २२ सांगतं की अधिकार नसताना पतमाहिती कुणी पाहू नये. पाहिली तर एक लाखापर्यंत दंड, आणि अशी मिळवलेली माहिती कोणत्याही कामासाठी विचारात घ्यायची नाही. हा शेवटचा तुकडा मला फार आवडतो. जानेवारी २०१७ पासून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळू लागला. आपला अहवाल कुणी मागवला की एसएमएस किंवा ईमेल आला पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बजावलं.

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून बातमी आली की लग्न जवळपास ठरलेलं असताना मुलीच्या मामाने मुलाचा सिबिल स्कोअर पाहायचा आग्रह धरला, त्यात कर्जं निघाली आणि सोयरीक मोडली. बातमी वाचून राज्यभर लोक हसले. मला मात्र कलम २२ आठवलं. मामा काही वित्तसंस्था नाहीत. सिबिलकडे त्यांनी थेट मागितलं असतं तर ते मिळालं नसतं. पण बैठकीत दहा माणसांसमोर मुलाला मोबाइलवर ॲप उघडून दाखव म्हटलं, तर कोणता कायदा आड येणार? नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याच्या घराच्या बोलणीत हेच होऊ शकतं. अमेरिकेतही १९७० पासून लेखी संमतीची वाट तशीच उघडी आहे, आणि नोकरी हवी असलेला माणूस संमती नाकारणार कुठून?

तिकडच्या काही राज्यांनी ही वाट बुजवायला घेतली. वॉशिंग्टन राज्याने २००७ मध्ये मालकांना पतअहवाल वापरायला मनाई केली, काही अपवाद ठेवून. इलिनॉयचा कायदा २०११ पासून लागू आहे आणि तो आणखी पुढे जातो: बँक वगैरे ठरावीक कामं सोडली तर मालकाने अहवाल मागवायचा नाही, अर्जदाराला त्याबद्दल विचारायचंही नाही, आणि अर्जदाराने आपण होऊन हा हक्क सोडतो असं लिहून दिलं तरी ते लिखाण रद्दबातल. आपल्या २००५ च्या कायद्यात या शेवटच्या वाक्यासारखं एकही वाक्य नाही. ते घालायला हवं, आणि नोकरी, भाड्याचं घर व लग्न या तिन्ही ठिकाणी लागू होईल असं घालायला हवं.